अकरावं नाव

मिस्त्रीला या सगळ्यातून काय काय मिळणार होतं, याची मोजदाद त्याने स्वतः कधी केली नव्हती. ती त्याच्या बायकोने केली, गुरुवारी सकाळी, तो दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत असताना.

"एक," ती शिलाई मशीनच्या मागून म्हणाली, "छापील शोधनिबंधात नाव. दोन, निवृत्तीनंतर तीन वर्षं सल्लागार. म्हणजे ही राहती जागा सुटत नाही, म्हणजे माझं मशीन या खिडकीतून हलत नाही. आणि तीन, माझा भाऊ."

"त्याचं काय?"

"तुम्हाला पत्रेवाला म्हणायचा थांबला. परवा भाऊजी म्हणाला. फोनवर का होईना, म्हणाला."

"नाव अकरावं आहे गं."

"अकरावं तर अकरावं. बाराव्याला विचारा त्याच्या पोटात किती दुखतंय ते."

बारावा कोणी नव्हताच. पण बायकोचा हिशेब चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे मिस्त्री तेहतीस वर्षांत शिकला होता. त्याने दुसऱ्या बुटाची गाठ मारली आणि हत्यारांची पिशवी उचलून केंद्राकडे निघाला.

केंद्र म्हणजे माळावरची दुमजली इमारत आणि तिच्या मागे, तारेच्या कुंपणात, एक टेबल. पाहायला येणारी माणसं मोठी तबकडी बघायला म्हणून यायची आणि हे बघून त्यांचे चेहरे पडायचे. चार पायांवर ठेवलेले दोन चौकोनी पत्रे, जेवणाच्या टेबलापेक्षा जरा मोठे. हाच अँटेना. त्याच्याखाली जमिनीवर चारी बाजूंना लांबवर लोखंडी जाळी अंथरलेली. जमिनीतून येणारा खरखराट अँटेनाच्या कानात जाऊ नये म्हणून ती जाळी. टेबल शास्त्रज्ञांचं, जाळी मिस्त्रीची. तुकड्याला तुकडा जोडून, वीतभर अंतराने एक याप्रमाणे चार हजारांवर सांधे त्याने एकट्याने सोल्डर केले होते, गुडघ्यांवर बसून, साडेतीन महिने.

आणि या टेबलाने चार वर्षं ऐकून ऐकून पहिल्या ताऱ्यांची खूण पकडली होती.

ती खूण काय, हे मिस्त्रीला बाईंनी समजावलं होतं. बाई केंद्राच्या प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी या एकाच गोष्टीमागे घालवली होती. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, गाडी होती ती सहकाऱ्यांनी ढकलून चालू करायची. जाळी टाकत होते त्या दिवसांत त्या छत्री घेऊन मिस्त्रीजवळ येऊन बसायच्या आणि स्वतःशी बोलावं तसं बोलायच्या. सुरुवातीला नुसता काळोख होता म्हणे. गॅस होता, पण दिवा एकही नव्हता. मग कधीतरी पहिले तारे पेटले. अवाढव्य, निळे, भडक. उधळ्या माणसासारखे, सगळं जळण भराभर संपवून लवकर मेलेले. ते पेटले तेव्हा भोवतालच्या गॅसने जुन्या उजेडातला एक घोट गिळला, आणि त्या घोटाएवढी खोच, एक बारीकसा खळगा, आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या आवाजात अजून आहे. हजारात एक भाग, फार तर.

"आणि मिस्त्री, त्या ताऱ्यांत लोखंड नव्हतं," बाई म्हणाल्या होत्या. "लोखंड जगात कुठेच नव्हतं. ते पहिल्यांदा शिजलं त्यांच्याच पोटात."

मिस्त्रीने हातातल्या जाळीकडे बघितलं. "म्हणजे माझं दुकान त्यांच्या जिवावर चाललंय म्हणा की."

बाई इतक्या हसल्या की छत्री कलंडली. निबंधात अकरावं नाव घालायचं त्यांनी बहुधा तेव्हाच ठरवलं असावं.

तीन महिन्यांपूर्वी निबंध छापून आला. जगभरातून फोन आले. पुढच्या महिन्यात बाईंचं मोठ्या परिषदेत भाषण होतं, सगळ्यात पहिलं, सगळ्यात लांब. मग दुसऱ्या एका देशातल्या गटाचं पत्र आलं. त्यांनीही तसंच यंत्र उभं केलं होतं, आणि त्यांना खोच सापडत नव्हती. तुमचं यंत्र बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. 'जरूर या,' बाईंनी त्याच दिवशी उलट लिहिलं. पाहुणे सोमवारी येणार होते. म्हणून गुरुवारी अँटेना बंद केला आणि मिस्त्रीला चार वर्षांत पहिल्यांदा जाळीवर पाय ठेवायची परवानगी मिळाली. एरवी अँटेना ऐकत असताना जाळीवर माणूस नको, हा कायदा होता.

"गवत काढा, काही उचललं गेलं असेल तर बघा," बाईंनी सांगितलं होतं. "पाहुण्यांना आपलं घर नीट दिसू दे."

पूर्वेकडून सुरुवात करून अकराच्या सुमाराला तो पश्चिमेच्या टोकाला पोचला. तिथे जाळीतून गवताचा एक जाड गड्डा वर आला होता. मिस्त्रीने तो मुळासकट उपटायला जोर लावला, आणि गवताबरोबर जाळीची कडसुद्धा वर आली. टक्, टक्, टक्, टक्. एकेक सांधा शर्टाच्या बटणासारखा सुटत गेला.

मिस्त्री गुडघ्यावर बसला. सुटलेला एक सांधा त्याने तळहातावर घेतला. सोल्डरचा गोल, चकचकीत, सुबक मणी. खालून मात्र तो तारेला चिकटलेलाच नव्हता. तारेवर पिवळसर वार्निशचा पातळ थर तसाच होता.

त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचं काम असावं. मग आठवलं की या जाळीवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेलाच नाही.

मग त्याला बाकीचंही आठवलं. जाळीच्या शेवटच्या गठ्ठ्याला गंज लागू नये म्हणून कारखान्याने वार्निश मारून पाठवलं होतं. सोल्डर करण्याआधी प्रत्येक जागा कानशीने घासून तार उघडी करायची, नाहीतर सोल्डर वर नुसतं बसतं, धरत नाही. त्याने घासली होती, शेकडो जागा घासल्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शेवटचा बारा फुटांचा पट्टा उरला होता, मोठी माणसं फाटकात उतरत होती, आणि बाईंनी लांबून विचारलं होतं, "मिस्त्री, झालं का?" त्याने न घासताच वरून सोल्डर सोडलं आणि म्हणाला, "झालं." उद्या सुटं करून नीट करू, असं मनाशी धरलं होतं. दुपारी अँटेना चालू झाला आणि जाळीवर जायची बंदी झाली. पहिला महिना त्याला टोचणी होती. दुसऱ्या महिन्यात आपण थोडं तरी घासलं होतं असं त्याला वाटायला लागलं. चौथ्या महिन्यात सगळं घासल्याचं स्पष्ट आठवायला लागलं, कानशीच्या आवाजासकट.

बरं, केंद्रात एकाचं काम दुसऱ्याने तपासायचं, हा नियम होता. बाईंनी लिहिलेलं समीकरणसुद्धा दुसरं कोणीतरी तपासून खाली सही करायचं. सूट फक्त एकाला होती. सांधा धरलाय की नाही ते सांगणारा मीटर पहिल्या दोनशे सांध्यांना लावून झाल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "पुरे. मिस्त्रींच्या सांध्याला मीटर लावणं म्हणजे त्यांचा अपमान आहे." तो मान मिस्त्री चार वर्षं मिरवत होता. बायकोला सांगितला होता, मेहुण्याला दोनदा सांगितला होता.

आता बारा फुटांचा पट्टा एका बाजूने मोकळा फडफडत होता.

त्याच्या पिशवीत कानस होती. सोल्डर करायचा गॅसचा टॉर्च होता. अर्ध्या तासाचं काम. सोमवारी पाहुणे मीटर घेऊन फिरले असते आणि त्यांना आख्खी जाळी एकसंध सापडली असती. बाईंचा शोध उलट पक्का झाला असता. मिस्त्रीने कानस काढली. पहिली जागा घासली, दुसरी घासली, तिसरी घासून टॉर्च पेटवला आणि सांधा पक्का केला. चांगला झाला. चार वर्षांपूर्वीचा मणीही वरून असाच चांगला दिसत होता. त्याने टॉर्च विझवला, सुटे मणी रुमालात बांधले आणि तसाच, गुडघ्यांना माती लागलेली, इमारतीचा जिना चढला.

बाई परिषदेचं भाषण लिहीत होत्या. समोरच्या टेबलावर आकडेबुवा होता. केंद्रातला सगळा हिशेब, आलेख, गणित त्याच्याकडे. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, सतत काहीतरी चघळत बसलेला. नाव त्याला मिस्त्रीनेच पाडलं होतं. निबंधात दुसरं नाव त्याचं होतं.

"काय मिस्त्रीकाका, खजिना सापडला का?" रुमाल बघून त्याने विचारलं.

मिस्त्रीने रुमाल बाईंच्या कागदांवर सोडला. "पश्चिमेचा शेवटचा पट्टा सुटा आहे, बाई."

"आता सुटला?"

"पहिल्यापासून. मी वार्निश घासलं नव्हतं."

बाईंनी एक मणी उचलला, उलटा केला, परत ठेवला. "लांबी किती?"

"बारा फूट."

आकडेबुवाचं चघळणं थांबलं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. आवाज करून लागतं त्या जातीचं टोपण होतं, तेवढाच आवाज झाला.

"मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"विचारलं होतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"झालं म्हणालो."

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच. मिस्त्री खाली मान घालून वाट बघत राहिला. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला उभं राहायला सोपं गेलं असतं.

"बारा फूट म्हणजे," आकडेबुवा म्हणाला. त्याने संगणक पुढे ओढला. सुटा पट्टा खाली धरून अँटेनाला काय ऐकू येईल, हे गणिताने काढता येत होतं. तीन तास लागणार होते. ते तीन तास तिघंही त्या खोलीत बसून राहिले. जेवायची वेळ येऊन गेली. बाईंनी भाषणाचे कागद एकावर एक नीट रचले, कडा जुळवल्या, परत विस्कटून परत जुळवल्या. मिस्त्री स्टुलाच्या कडेवर बसला होता, पूर्ण बसायचा आपल्याला हक्क नाही अशा बेताने.

"काका, नीट बसा हो," आकडेबुवा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "पडलात तर तो दणकाही माझ्याच आलेखात दिसायचा."

मिस्त्री स्टुलावर इंचभर मागे सरकला.

दोन वाजून गेले होते. पडद्यावर रेघ उमटायला लागली. आधी सपाट गेली, मग खाली उतरली, तळाशी थोडी सरळ चालली आणि परत वर आली. आकडेबुवाने निबंधातला आलेख, ज्याची चित्रं तीन महिने वर्तमानपत्रांत येत होती, तो तिच्यावर ठेवला. शिंप्याने माप घेऊन शिवावा तसा तो बसला. काठाला काठ. कुठे चुणीसुद्धा नाही.

आकडेबुवा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, परत बघितलं.

"पण तारे आहेत ना, बाई?" मिस्त्रीने विचारलं. "पहिले तारे?"

"तारे होतेच, मिस्त्री," बाई म्हणाल्या. पडद्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. "ते झाले नसते तर तुमची कानस कुठून आली असती? त्यांची जागा पक्की आहे. सगळ्याच्या आधी. फक्त आपण त्यांना ऐकलेलं नाही."

"मग चार वर्षं आपण ऐकलं काय?"

उत्तर आकडेबुवाने दिलं. "तुम्हाला," तो म्हणाला. "चार वर्षं आम्ही तुम्हाला ऐकत होतो, काका."

तो हे रागाने म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता. सुन्न झालेला माणूस जसं समोर दिसेल ते वाचून दाखवतो, तसं त्याने ते वाचून दाखवलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मशीनचं चाक तिने तळहाताने थांबवलं होतं, ते तसंच धरून ठेवलं.

"तुमचं नाव अकरावं," ती शेवटी म्हणाली. "मग तुमच्या आधी दहा नावं आहेत. त्या दहा जणांना डोळे नाहीत?"

"त्यांनी बघायचं नाही, असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं?"

"बाईंनी. माझा मान म्हणून."

तिने चाक सोडलं. "मेला तो मान," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "तीन सांधे केले होतेत. बाकीचे का नाही केलेत हो?"

मिस्त्री वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. तिने परत विचारलं नाही. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा तिने तो उचलला नाही, एवढं मात्र मिस्त्रीच्या लक्षात आलं.

सोमवारी पाहुणे आले. तिघं होते, त्यांचा म्होरक्या एक उंच म्हातारा, बाईंचा वीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी, परिषदांमध्ये बाईंशी कडाकडा भांडणारा. चहासुद्धा न देता बाई त्यांना सरळ मागे घेऊन गेल्या, पश्चिमेच्या टोकाला, आणि मीटर त्याच्या हातात दिला.

"हा पट्टा जोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "आमची खोच इथून येते. गणित वर तयार आहे. निबंध मी परत घेते आहे. काम तपासून घेणं माझी जबाबदारी होती, ते मी घेतलं नाही."

म्हाताऱ्याने मीटरची एक सुई जाळीवर टेकवली, दुसरी पट्ट्यावर. मीटर गप्प राहिला. तो वाकलेला होता तो वाकलेलाच राहिला. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी तो भांडत होता ती त्याच्या हातात आयती आली होती, आणि तिचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. त्याचे दोघे जोडीदार एकमेकांकडे न बघता जाळीकडे बघत होते.

"सांधा माझा आहे," मागून मिस्त्री म्हणाला. मग परत म्हणाला, मोठ्याने. "न घासता मी केला. बाईंना मी खोटं सांगितलं."

म्हाताऱ्याने मान वळवली. "हे कोण?"

"आमचे अकरावे लेखक," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मिस्त्रीशी हात मिळवला. आपल्या वहीत त्याने बरंच लिहून घेतलं, पट्ट्याची लांबी, दिशा, तारीख. मिस्त्री बोलला त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. निबंध मागे घेतल्याचं जाहीर झालं. चार ओळी, खाली एकट्या बाईंची सही. मिस्त्री वरच्या कचेरीत दोनदा जाऊन आला, त्या चार ओळींत माझं नाव घाला म्हणून. कारकून म्हणाला, तशी सोय नाही. परिषदेतलं भाषण दुसऱ्याला गेलं. आकडेबुवाच्या नव्या जागेचं बोलणं चाललं होतं तिथून कळवतो म्हणाले आणि कोणी कळवलं नाही. शेवटी तो हवामानखात्यात गेला, पावसाचे आकडे लावायला. बाईंना केंद्र सोडायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षापासून केंद्रच नाही, एवढंच कळवलं. मिस्त्रीचा सल्लागाराचा कागद मात्र आधीच सही होऊन बसला होता. तो रद्द करायचं कोणाला सुचलं नाही. इमारत आणि कुंपण यांच्या देखभालीसाठी तीन वर्षं, राहत्या जागेसह. तो कागद घेऊन मिस्त्री बाईंकडे गेला आणि फाडू का म्हणून विचारायला लागला.

"फाडून कुणाला काय मिळणार?" बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी शिवणकाम चालतं ना? चालू दे."

खोली रिकामी करायच्या दिवशी बाईंचं लाकडी टेबल खाली न्यायचं होतं. हमाल दुपारनंतर येणार होते, गाडी आत्ताच उभी होती. मिस्त्री आणि बाई, दोघांनीच ते उचललं. जुनं, भरीव लाकूड, खण काढूनसुद्धा जड. दारातून आडवं काढलं, व्हरांड्यातून नेलं, जिन्याच्या तोंडाशी टेकवलं.

"त्या सोमवारी तुम्ही बोललात," बाई धापा टाकत म्हणाल्या, "ते कोणी लिहून घेतलं नाही."

"नाही घेतलं."

"बरं झालं. एका चुकीला एक नाव पुरतं."

मिस्त्रीला म्हणायचं होतं की ते नाव चुकीचं लागलंय. त्याने तोंड उघडलंही. पण बाईंनी पदर खोचला होता आणि टेबलाला हात घातला होता. जिना उतरताना सगळं वजन खालच्या माणसावर येतं. जन्मभर ओझी वाहिलेल्या मिस्त्रीला हे कोणी सांगायला नको होतं, आणि तो खालच्या बाजूला जायला वळलासुद्धा. बाई आधीच दोन पायऱ्या खाली उतरून, छातीशी टेबलाची कड धरून, वर बघत उभ्या होत्या.

"उचला," त्या म्हणाल्या.

त्याने वरचं टोक उचललं. ते हलकं होतं.